कुजलेली तुळई आणि मुलीची ठेव

तुम्ही लिहिलंय की छताच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलंय, स्क्रूड्रायव्हर टोचला तर बोटभर आत गेला. सुतार तुळई आणि वरचे चार वासे बदलायला सांगतो. पैसे मुलीच्या शिक्षणासाठीच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीत आहेत, ती पिकायला १४ महिने आहेत. तोवर थांबावं का?

नका थांबू. कुजलेल्या लाकडाची ताकद डोळ्यांना दिसतं त्याच्या बरीच आधी गेलेली असते, आणि त्या तुळईने सोडलेला भार शेजारच्या वाशांवर पडतो. १४ महिन्यांनी काम एवढंच राहील असं धरून चालू नका.

पण ठेव मोडायचीही घाई नको. समजा मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजदरात १ टक्का कापते. झालेल्या ४६ महिन्यांवर ती कपात म्हणजे शंभरामागे जवळपास ४. त्याच ठेवीवर तारण कर्ज घेतलंत आणि त्याचा दर ठेवीपेक्षा २ टक्के जास्त असला, तर उरलेल्या १४ महिन्यांत शंभरामागे सव्वादोनच्या आसपास जातात, तेही उचललेल्या रकमेवरच. ठेव मोडली तर कपात सगळ्या रकमेवर बसते. बँकेकडून दोन्ही आकडे लेखी घ्या. दर महिन्याला हप्त्याने मुद्दल फेडत राहिलात तर मुलीची रक्कम जवळपास जशीच्या तशी हातात येईल. विनातारण वैयक्तिक कर्ज मी यासाठी सुचवणार नाही, ते बरंच महाग पडतं.

पहिला खर्च मात्र सुताराचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. सुतार दिसतं तेवढ्याचा भाव सांगतो. कूज कुठपर्यंत गेलीय हे टोचून, ओलावा मोजून पाहावं लागतं. पाणी कुठून येतंय ते आधी बंद करा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी पोसत नाही. गळती तशीच ठेवून नवी तुळई बसवणं म्हणजे ठेवीचे पैसे पुन्हा पाण्यात. अंदाजपत्रकावर २५ टक्के वेगळे काढा, कारण छत उघडल्यावर आणखी एखादा वासा गेलेला निघतोच. पैसे टप्प्याटप्प्याने द्या.

विम्याची आशा फार धरू नका. हळूहळू झालेली कूज बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. तरी कलम वाचा.

आणि टेकू लागेपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपवू नका, ही माझी विनंती आहे.