अहमदाबादच्या विमान अपघातानंतर आईबाबांना बडोद्याहून दिल्लीला विमानाने पाठवावं की कारने?

विमानानेच पाठवा, कारपेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. १२ जून २०२५ चा अपघात आपल्या इतक्या जवळ झाला, की धास्ती वाटणारच. जमिनीवरचे धरून २६० जण गेले. पण रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली, म्हणजे रोज साडेचारशेच्या वर! (त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.) रस्त्याने जाणारे जास्त, हे खरं, तरी दर किलोमीटरमागे हिशेब केला तरी विमानच सुरक्षित ठरतं. फक्त विमानाचा धोका मुख्यतः उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी असतो, त्यामुळे मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात हा फायदा घटतो. तिथे सरळ ट्रेन धरावी.