आयसीयूतल्या रुग्णाचं आणि घरच्यांचं मन कसं सावरायचं?

तुमचा प्रश्न असा : वडील ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते, नळी निघाली, पण आता त्यांना भिंतीवर माणसं दिसतात आणि नर्स मारायला टपलीय असं ते म्हणतात. आई बाहेरच्या बाकावरून हलत नाही. दोघांना खंबीर कसं करायचं?

'खंबीर राहा' हे दोघांनाही सांगू नका. वडिलांना आत्ता आपण कुठे आहोत हेच कळत नाहीये आणि आईची झोप झालेली नाही. कामाला इथूनच सुरुवात करायची.

वडिलांच्या या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, मोडलेली झोप, गुंगीची औषधं, विशेषतः मिडॅझोलॅमसारखी, यांनी मेंदू गोंधळतो. हा गोंधळ दिवसभर कमीजास्त होत राहतो, रात्री बहुधा वाढतो. त्याचा एक गप्प प्रकारही असतो : रुग्ण शून्यात बघत पडून राहतो आणि सगळ्यांना वाटतं, आज छान विश्रांती घेतायत. तो हमखास नजरेतून सुटतो. असं दिसलं तर नर्सला स्पष्ट सांगा, 'हे त्यांचं नेहमीचं वागणं नाही.' त्यांचं नेहमीचं वागणं तिथे फक्त तुम्हालाच माहीत आहे.

प्रत्येक भेटीत पहिलं वाक्य एकच ठेवा : 'बाबा, मी अमुक. तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार, सकाळचे अकरा वाजलेत. फुप्फुसांना संसर्ग झाला होता, आता नळी काढलीय.' वाक्यं छोटी, आवाज नेहमीचा. चष्मा लावा, कानातलं यंत्र लावा आणि त्याची बॅटरी तपासा. धड दिसत-ऐकू येत नसेल तर भास वाढतात. घड्याळ त्यांना पडल्यापडल्या दिसेल असं ठेवायला सांगा. रात्री दिवे मंद करता येतील का, डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे चालतील का, हे विचारा. भिंतीवरच्या माणसांवरून वाद घालू नका, होला हो पण करू नका. 'मला कोणी दिसत नाहीये, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय, मी इथेच आहे,' एवढं पुरतं. हात बांधलेले असतील तर ते कधी सोडता येतील हे रोज विचारा, कारण बांधल्याने भीती वाढते. पलंगावर उठवून बसवणं कधी सुरू होणार, हेही विचारा.

आता वही. माझ्या मते घरच्यांच्या हातात असलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. रुग्णाला मधले दिवस आठवत नाहीत. त्या जागी भास राहतात, आणि ते खऱ्या आठवणींपेक्षा ठसठशीत असतात. रोज पाच-सहा ओळी लिहा, त्यांनाच उद्देशून, तारीख-वेळ घालून. उदाहरणार्थ : 'दुपारी ३. तुम्हाला खूप ताप होता. हाताला सुई टोचली तेव्हा तुम्ही ओरडलात, ती रक्ताच्या तपासणीसाठी होती. शेजारचं यंत्र सारखं वाजत होतं.' पुढे 'मला कोणीतरी भोसकत होतं' ही आठवण वर आली की या नोंदीतून खुलासा होतो. फोटो काढायचा तर आधी परवानगी घ्या. वही घरी आल्या दिवशी हातात देऊ नका; ते विचारतील तेव्हा शेजारी बसून वाचा. युरोपातल्या १२ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डायरी मिळालेल्यांत तीन महिन्यांनी पीटीएसडीचं (भयंकर अनुभवानंतर मनात राहणाऱ्या आघाताच्या विकाराचं) प्रमाण ५ टक्के होतं, न मिळालेल्यांत १३ टक्के. फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंच्या २०१९ च्या अभ्यासात मात्र असा फरक दिसला नाही. तरीही मी वही लिहायलाच सांगेन : खर्च नाही, आणि बाकावर बसलेल्या आईलाही हाताला काम मिळतं.

आईकडे तितकंच लक्ष द्या. कॅनडातल्या २८० काळजीवाहकांच्या अभ्यासात, रुग्ण आयसीयूतून बाहेर पडल्यावर आठवड्याभराने ६७ टक्के आणि वर्षानेही ४३ टक्के जणांत नैराश्याची लक्षणं होती. म्हणजे रुग्ण घरी आला की हे आपोआप मिटत नाही. रात्री आईला घरी झोपू द्या, पाळ्या लावा. डॉक्टरांशी एकानेच बोलायचं, ठरलेल्या वेळी, तीन प्रश्न कागदावर लिहून : कालपेक्षा काय बदललं, आज काय करणार, तुम्हाला कशाची काळजी वाटतेय. उत्तरही तिथेच लिहून घ्या, थकलेल्या डोक्यात ते टिकत नाही. मॉनिटरकडे टक लावून बसायला आईला मनाई करा. बरेच अलार्म वायर निसटल्याने किंवा रुग्ण हलल्याने वाजतात, पण छातीत धस्स प्रत्येक वेळी होतं.

घरी आल्यावर काही आठवडे दुःस्वप्नं, चिडचिड, विसरभोळेपणा दिसेल. वडिलांना एका वेळी एकच काम सांगा, औषधांचा तक्ता भिंतीवर लावा. हे महिन्यापलीकडे टिकलं, दवाखान्याचं नाव काढताच थरकाप होऊ लागला, तपासणीला जायला ते नाही म्हणू लागले किंवा आईचं खाणं-झोपणं सुधारलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि आयसीयूत किती दिवस होते, डिलिरियम झाला होता का, हे आधी सांगा. जगणं नको असं दोघांपैकी कोणीही बोललं तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या.