जुन्या सायकलीला ड्रम ब्रेक बसवताना

तुमच्या जुन्या सायकलीसाठी स्टर्मी-आर्चर या मूळच्या इंग्रजी कंपनीचा 90 मिलिमीटरचा पुढचा ड्रम, म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आतच ब्रेक असलेला डबा, तुम्हाला मिळाला, याचा आनंद वाटला. मात्र चाक विणण्यापूर्वी, म्हणजे हब आणि रिम (चाकाची बाहेरची कडी) स्पोकच्या तारांनी जोडण्यापूर्वी, दोन्हींची छिद्रे मोजून घ्यावीत, कारण जुन्या इंग्रजी रोडस्टरला (रोजच्या वापराच्या दणकट सायकलीला) पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असत. ब्रेक लावल्यावर सगळा पीळ स्पोकमधूनच रिमपर्यंत जात असल्याने स्पोक एकमेकांना छेद देऊनच विणावेत, हबपासून सरळ रिमपर्यंत नेऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकच्या झाकणाला जोडलेल्या दांडीचा आहे. ही दांडी फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) पायाला क्लिपने घट्ट आवळलेली नसेल, तर ब्रेक दाबताच झाकण चाकाबरोबर फिरू पाहते, केबल ओढली जाते आणि चाक अचानक अडकू शकते. म्हणून माप जुळणारी क्लिप मिळेपर्यंत थांबावे. तारेने बांधून काम भागवणे मला मुळीच मान्य नाही.

ड्रमला आतून घासणाऱ्या शूंवरच्या जुन्या लायनरमध्ये (अस्तरात) फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ग्रीस लागलेले लायनर बदललेलेच बरे.

शेवटी झाकणाचा नट थोडा सैल करून, ब्रेक जोरात दाबून धरावा आणि तसाच धरलेला असताना नट आवळावा, म्हणजे दोन्ही शू ड्रमच्या मध्यावर बसतात. नवे लायनर मुरेपर्यंत पकड कमी जाणवेल; तोवर उतारावर जाऊ नये.