शेळीच्या केसांचा कुंचला शाई का धरत नाही?

प्रश्न : शाळेत सुलेखनासाठी आम्ही शेळीच्या केसांचे कुंचले बांधतो, पण ते शाई शोषत नाहीत. जपानी कारागीर काय करतात?
– एक कलाशिक्षक, जि. भंडारा

उत्तर : केसांतील तेल काढणे आवश्यक आहे. हिरोशिमा प्रांतातील कुमानो येथे, जिथल्या कुंचल्यांना १९७५ साली पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा मिळाला, कारागीर केसांवर धानाच्या तुसाची राख भुरभुरून त्यांना उष्णता देतात आणि हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात. त्यामुळे राख तेल शोषून घेते व केस सरळ होतात. राख आपल्याकडे मुबलक आहे; हरणाचे कातडे कायद्याने निषिद्ध असल्याने जाड सुती कापड वापरून पाहावे. मात्र टोक कात्रीने मुळीच कापू नये, कारण केसांच्या नैसर्गिक निमुळत्या टोकांवरच रेषेची नजाकत अवलंबून असते. उलटे आणि बोथट केस तेवढे वेचून काढावेत.