लिलाव, प्रीतिभोजन आणि दानमोजणी : मंडळीच्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सत्तर कुटुंबांची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ख्रिस्ती मंडळी आहे. गेल्या कापणीच्या सणाला लोकांनी अर्पण म्हणून आणलेल्या वस्तूंच्या लिलावात बोली भरपूर लागली, पण बरीच रक्कम अजून वसूल झालेली नाही. दोन-तीन गरीब कुटुंबं तर लिलाव सुरू व्हायच्या आतच उठून गेली. यंदा काय बदलावं? (पिंपरी)

उत्तर : जय ख्रिस्त. थकबाकी राहते, कारण बोली सुटताच वस्तू हातात दिली जाते आणि पैसे ‘पुढच्या रविवारी’ यायचे असतात. पुढच्या रविवारी मागायचं कोणी, हा संकोच असतोच. त्यावर उपाय म्हणजे वस्तू आणि बोली यांच्यामध्ये एक टेबल ठेवा. सकाळी उपासनेआधी तासभर दोघांनी वस्तू स्वीकारायच्या आणि प्रत्येकीला नंबरची चिठ्ठी लावायची. वहीत पाच रकाने आखा : नंबर, वस्तू, घेणाऱ्याचं नाव, बोली, भरणा. बोली सुटली की घेणाऱ्याला फक्त नंबरची चिठ्ठी मिळेल. वसुलीच्या टेबलावर रोख किंवा क्यूआर कोडने पैसे भरून शिक्का घेतला, की वस्तू त्याची. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. खजिनदारांच्या स्वतःच्या मोबाइलवर पैसे घेतले, तर नंतर हिशेब जुळवताना त्या बिचाऱ्या माणसावरच बालंट येतं.

एक चूक जवळपास सगळीकडे होते. नारळ कोणीतरी 500 रुपयांना घेतो आणि प्रेमाने मंडळीलाच परत देतो. तोच नारळ पुन्हा लिलावात येतो, असं चार-पाचदा होतं. लिहिणारा मात्र जुन्याच ओळीवर खाडाखोड करून शेवटची बोली लिहितो. मग वही एक सांगते आणि पेटी दुसरंच. प्रत्येक फेरीला नवी ओळ घाला : 14, 14-अ, 14-ब.

वेळेचाही हिशेब करा. साठ वस्तू आणि प्रत्येकीला दोन मिनिटं म्हटलं तरी दोन तास जातात, आणि शेवटच्या वीस वस्तू पडेल त्या भावात जातात. कोंबड्या आणि पालेभाजी आधी काढा. लोणच्याची बरणी, पापड आणि लाडू एकत्र करून टोपली बांधा. पंचवीस-तीस नग राहिले की तासाभरात काम आटोपतं.

आता उठून गेलेल्या कुटुंबांविषयी. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडांचं पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी राखायला सांगितलं आहे. ही आज्ञा आपल्या सणाच्या अगदी गाभ्याची आहे. म्हणून लिलावाच्या शेजारी ठरलेल्या किमतीचं टेबल लावा. तिथे 10, 20 आणि 50 रुपयांच्या पुड्या ठेवा आणि नाव पुकारू नका. बोली पुकारणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, की जो हात वर करत नाही त्याचं नाव घेऊन ‘काय हो, आज गप्प?’ असं म्हणायचं नाही. गर्दीत ते एक वाक्य माणसाला चर्चच्या दाराबाहेर नेतं. आणि शुभवर्तमानातल्या, दोन टोल्या (अगदी लहान नाणी) दान टाकणाऱ्या गरीब विधवेची पेटीपाशी कोणीच घोषणा केली नव्हती.

प्रश्न : पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) दीडशे जणांचं प्रीतिभोजन केलं. भात खाली गाळ आणि वर कच्चा राहिला. रस्सा शेवटच्या पंगतीला आंबूस लागला. वाढणाऱ्या मुलांना नुसता भात मिळाला. प्रमाण काय धरावं? (सोलापूर)

उत्तर : आधी ताटं मोजा. दीडशेत तीस लहान मुलं असतील, तर त्यांची अर्धी ताटं धरून 135 होतात. माणशी 100 ग्रॅम तांदूळ म्हणजे 14 किलो. हाडांसकट चिकन माणशी 175 ग्रॅम म्हणजे 24 किलो. त्याला कांदा 7 किलो आणि तेल 2 लिटर पुरतं. म्हातारी माणसं आणि मुलं यांच्यासाठी 2 किलो तूरडाळीचं वरण वेगळं लावा. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे चार जार लागतात, उन्हाळ्यात सहा मागवा.

चौदा किलो तांदूळ एकाच पातेल्यात घातला तर वरच्या वजनाने तळाचा भात दबून गाळ होतो, आणि वरपर्यंत वाफ पोचत नाही. दोन पातेली घ्या, प्रत्येकी सात किलोची. भात सगळ्यात शेवटी करा. उपदेश सुरू झाला की आधण ठेवायचं, म्हणजे आशीर्वादानंतर लोक हात धुईपर्यंत भात गरम मिळतो. पहाटे शिजवून झाकून ठेवलेला भात दुपारपर्यंत कोमट होतो, आणि जंतू वाढायला कोमटपणाच लागतो. शिजलेलं अन्न एकतर वाफाळतं ठेवा, नाहीतर दोन तासांच्या आत संपवा.

रस्सा आंबायचं कारण बहुतेक वेळा ओलं खोबरं असतं. आदल्या रात्री वाटून ठेवलेलं वाटण एप्रिलच्या उष्म्यात सकाळपर्यंत उतरतं. वाटण त्याच दिवशी सकाळी करा किंवा सुकं खोबरं भाजून वापरा. पातेलं उतरवल्यावर घट्ट झाकण ठेवून कोपऱ्यात सरकवू नका. मंद आचेवर ठेवा आणि दुसऱ्या पंगतीआधी पुन्हा उकळी आणा.

वाढणाऱ्यांचं मात्र मनाला लागलं. पहिलं ताट वाढायच्या आधी त्यांच्यासाठी झाकणाचे दोन डबे भरा. बारा जण असतील तर 2 किलोपेक्षा जास्त चिकनचे तुकडे आणि त्याला पुरेल एवढा रस्सा त्यात जाऊ द्या. डब्यावर नाव लिहा आणि चुलीजवळ गरम ठेवा. आणि ज्या भगिनी चुलीपाशी उभ्या असतात त्यांची उपासना बुडते. त्यांच्यासाठी स्वयंपाकाच्या जागी एक स्पीकर लावा आणि पाळकसाहेबांना प्रभुभोजन (पवित्र भाकर आणि द्राक्षारस) तिथे नेऊन द्यायला सांगा. हे त्यांनी मागायची वाट पाहू नये.

प्रश्न : आमचे खजिनदार अतिशय विश्वासू आहेत. ते दानाची थैली घरी नेऊन मोजतात. तरी कुजबुज होते. त्यांना दुखवायचं नाही. (नाशिक)

उत्तर : दोघांनी मोजायची पद्धत खजिनदारांच्या रक्षणासाठीच असते, हे त्यांना आणि मंडळीलाही स्पष्ट सांगा. उपासना संपताच वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीत), एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी दान मोजावं. दर महिन्याला त्यांच्यापैकी एक जण बदलावा. छापील पट्टीवर 500, 200, 100 अशा नोटांची संख्या, नाणी आणि एकूण रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एक प्रत खजिनदारांना, एक सेक्रेटरींना. दशमांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाच्या) पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम वेगळी निघाली, तर पाकीट तसंच जपून ठेवा आणि देणाऱ्याला खासगीत विचारा.

सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत भरायची. फुलांचे, रिक्षाचे किंवा झाडूचे पैसे त्या थैलीतून द्यायचे नाहीत. त्यासाठी वेगळी किरकोळ खर्चाची वही ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या संस्थेला वर्षाचे हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि या सह्यांच्या पट्ट्या असल्या की लेखापरीक्षकाचं काम सरळ होतं.

प्रश्न : साबाथ शाळेला (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाला) एकच ताई आहे, तीही एकटीच एका खोलीत. चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चालणार नाही, ताई कितीही चांगली असली तरी. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं. दुसरा शिक्षक मिळत नसेल तर दर रविवारी एका पालकाला पाळीने बसवा, शिकवायची गरज नाही. हजेरीपुस्तकात मूल कोणाबरोबर घरी गेलं तेही लिहा. मूल काही सांगू लागलं तर शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पॉक्सो कायदा, 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) यानुसार अशा अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पंचांनी बसून मिटवायची ही गोष्ट नव्हे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा.

प्रश्न : आजारी आणि वृद्ध सभासदांच्या भेटी सुरू केल्या, पण दोन महिन्यांत बंद पडल्या. (ठाणे)

उत्तर : बहुधा यादी लांब आणि जाणारे तेच चार जण, असं झालं असेल. एका जोडीकडे तीनच घरं द्या, महिन्यातून एकदा, तीन महिन्यांसाठी. नंतर जोडीला सुट्टी. आधी फोन करून जा आणि वीस मिनिटांत उठा. आजारी माणूस पाहुण्यांसमोर ताठ बसतो आणि ते गेल्यावर थकून पडतो. सोबत एक भजन, एक स्तोत्र आणि छोटी प्रार्थना पुरते. औषधं सुचवू नका, ‘विश्वास कमी पडतोय’ असं तर चुकूनही म्हणू नका. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासमोर, आपल्या तोंडावर उजेड पडेल असं बसा, म्हणजे त्यांना ओठ दिसतात.

निघताना एकच विचारा : ‘या आठवड्यात काय आणून देऊ?’ उत्तर बहुतेक वेळा चष्म्याची काडी, गॅसचा नंबर लावणं किंवा पेन्शनचा हयातीचा दाखला असं असतं. ते वहीत तारखेसह लिहा आणि झाल्यावर खूण करा. भेटीचा फोटो ग्रुपवर टाकू नका.