‘आणि संच’ लिहू नकोस

साकोली

चि. बेटीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची, तुझ्या लोकगीतांच्या अल्बमसाठीची नऊ मंडळांची यादी मिळाली. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई, म्हणजे आपल्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या, तेव्हापासून लाखांदूरपासून आमगावपर्यंत कुठे दंडारीचे नृत्यनाट्य आहे, कुठे तमाशासारखी खडी गंमत आहे, कोणत्या मोहल्ल्यात भीमगीतांची बैठक आहे हे विचारत तू फिरलीस आणि रात्री कोणाच्या तरी खळ्यात तणसावर बसून ध्वनिमुद्रण केलेस. त्या श्रमांचे मोल मला कळते. तू तीन प्रश्न विचारले आहेस: आवाजाचा दर्जा पुरेसा आहे का, नामांकित गायकाने देऊ केलेले गाणे घ्यावे का, आणि वेष्टनावर सगळ्यांची नावे देणे आवश्यक आहे का. तिसरा प्रश्न तू अगदी शेवटी, एका ओळीत उरकला आहेस. मी त्यालाच आधी उत्तर देतो, कारण नऊपैकी सात मंडळांपुढे तू शाहिराचे नाव लिहून ‘आणि संच’ असे लिहिले आहेस आणि ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

‘आणि संच’ लिहू नकोस.

नव्वदच्या दशकात मी चार मंडळांची एक कॅसेट काढली होती. साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटे. डफ थंडीने उतरला की शेकोटीवर शेकायचा, पुन्हा सुरुवात करायची, असे करत आम्ही पाच रात्री जागलो. वेष्टनाच्या कागदाला आणखी एक घडी घातली असती तर सगळी नावे मावली असती, पण छापणाऱ्याने त्या घडीचे वेगळे पैसे सांगितले आणि कॅसेट विकणारा म्हणाला की ‘आणि संच’ लिहा, त्यात सगळे आले. माझ्याजवळ पैसे नव्हते, हे खरे आहे. ते पैसे मी उसने आणू शकलो असतो, हेही तितकेच खरे आहे. त्या कॅसेटवर ढोलकी वाजवणारे गृहस्थ दोन वर्षांनी वारले. तेरवीला त्यांच्या मुलाने ती कॅसेट लावली, वेष्टन उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारले, “काका, बाबाचं नाव कुठं आहे?” मी त्या मुलाला शब्द दिला आहे की त्याच्या वडिलांचे नाव पहिल्यांदा छापले जाईल ते त्यांच्या ढोलकीसोबतच, म्हणून या पत्रातही मी ते लिहीत नाही.

आपल्या गाण्याला नावाचे महत्त्व कोणी नव्याने शिकवायला नको. भजनाच्या शेवटच्या कडव्यात ‘तुकड्या म्हणे’ येते, वामनदादा कर्डकांच्या गीतात ‘वामन’ येतो. रचणाऱ्याने आपली मुद्रा शब्दांतच कोरून ठेवलेली असते, त्यामुळे कागद हरवला तरी नाव हरवत नाही. ढोलकीला मात्र शेवटचे कडवे नसते. तुणतुणे वाजवणाऱ्याला, मागून सूर धरणाऱ्या झीलकऱ्याला, खडी गमतीत लुगडे नेसून पहाटेपर्यंत नाचणाऱ्या नाच्याला स्वतःची मुद्रा उमटवण्याची जागाच नसते. ती जागा तुझ्या अल्बमचा कागद आहे, आणि तीच तू दोन शब्दांत बुजवायला निघाली आहेस.

‘पारंपरिक’ या शब्दाबाबतही तेवढीच सावध राहा, कारण तो ‘आणि संच’चा सख्खा भाऊ आहे. पाच गाण्यांपुढे तू गीतकार म्हणून ‘पारंपरिक’ लिहिले आहेस. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाची लावणी ती गाणाऱ्या शाहिरांनी स्वतः रचलेली आहे; मी त्यांच्या वहीत ती पाहिली आहे. तू विचारले नाहीस म्हणून त्यांनी सांगितले नाही. जिवंत माणूस समोर बसलेला असताना त्याच्या गाण्याला परंपरेच्या खात्यात टाकणे हा अन्याय आहे, आणि तो आपण लोककलेच्या प्रेमापोटी करतो म्हणून लहान ठरत नाही.

कायदाही या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८-ब आले आणि आपल्या सादरीकरणाचा कलाकार म्हणून ओळखले जाण्याचा हक्क प्रत्येक कलावंताला मिळाला. त्याच कायद्याचे कलम ५२-अ ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापायला सांगते. म्हणजे तुझे नाव तर छापले जाणारच आहे. मग त्यांचे का नको? मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या सेवांसाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे त्याची ओळख पटवणारा बारा अक्षरांकांचा क्रमांक, घ्यावा लागतो. तो अल्बमला नसतो, एकेका ध्वनिमुद्रणाला असतो, आणि गीतकार, संगीतकार, वादक यांची माहिती त्या त्या गाण्यासोबत भरायची असते. रकाने रिकामे राहिले तरी गाणे चढते, म्हणून लोक रिकामे ठेवतात. तू ठेवू नकोस.

हे काम अवघड नाही. माईक तपासताना आपण सगळेच ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि वाद्य बोलायला लाव आणि ते ध्वनिमुद्रण जपून ठेव. नंतर कागदावर उतरवून त्यांना वाचून दाखव. महिला भजनी मंडळात एखादीला सासरचे नाव हवे असते, एखादीला माहेरचे. ते तू ठरवू नकोस. संमतीचा कागद मराठीत कर, मोठ्याने वाच, आणि सही किंवा अंगठा प्रत्येकाचा घे, केवळ शाहिरांचा नव्हे. मानधनही प्रत्येकाच्या हातात दे.

आवाजाच्या दर्जाचे म्हणशील तर तुझे काम चांगले आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर नोंदले आहेस, पातळीही फार वर नेलेली नाहीस. दंडारीत ढोलकीखाली टाळ दबले आहेत, तेवढे सुधार. सगळी गाणी सारख्याच जोराची करण्याच्या मागे लागू नकोस. खंजिरी भजन मिरवणुकीतल्या धुमाल वाद्यवृंदाइतके मोठे ऐकू येण्याचे कारण नाही.

गाण्यांच्या निवडीत मात्र दोन अडचणी आहेत. धुमाल मंडळाने वाजवलेली चित्रपटाची चाल तुला घेता येणार नाही. जुन्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करण्याच्या वैधानिक परवान्यात मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे जावी लागतात आणि किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावे लागते. पाचशे प्रती काढणाऱ्याला ते परवडत नाही. त्यांच्याकडे मिरवणुकीत वाजणारा स्वतःचा ठेका आहे, तो माग. दुसरे म्हणजे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मधले. रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या भजनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. भजन गावोगाव गायले जाते म्हणून ते विनापरवानगी छापता येते असे नाही. हक्कधारकांची लेखी अनुमती घे.

नामांकित गायकाला नम्रपणे नकार दे. त्यांचे गाणे आले की मुखपृष्ठावर त्यांचा फोटो येईल आणि उरलेली नऊ मंडळे मिळून एक मोठा ‘संच’ होईल.

माझ्या या हट्टाची किंमत तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. पहिल्या कॅसेटनंतर काही वर्षांनी मी सहा मंडळांचे दुसरे संकलन तयार केले. एक कंपनी ते काढायला तयार होती, पण एकतीस नावे छापायला तयार नव्हती. मी टेप उचलून घरी आलो. त्या टेप लोखंडी पेटीत राहिल्या आणि दोन पावसाळ्यांत त्यांना बुरशी लागली. त्यातले दोन शाहीर आपला आवाज न ऐकताच गेले. माझ्या हट्टाने त्यांचे नुकसान झाले, असे लोक म्हणतात. त्यांच्या घरच्यांनी ते मला तोंडावर म्हटले आहे. मी तेव्हा इतरत्र वणवण करायला हवी होती, टेपची निदान दुसरी प्रत काढायला हवी होती, हे मी मान्य करतो. परंतु नावे गाळून ते संकलन काढायला हवे होते, हे मी आजही मान्य करत नाही. तुझी अडचण तर त्याहून किती लहान आहे! कागद तुझा, पैसा तुझा, अडवणारा कोणी नाही. तरीही तू विचारतेस की नावे आवश्यक आहेत का. मला राग आला तो याचा.

यादीत चौथ्या क्रमांकाच्या दंडारीपुढे ढोलकीवाल्याचे केवळ आडनाव आहे आणि सातव्या क्रमांकापुढे तू ‘अकरा महिला’ एवढेच लिहिले आहेस. या दोन्ही गावांना पुन्हा जाऊन ये. दिवसा जाऊ नकोस, धानाची मळणी सुरू असल्याने घरी कोणी सापडणार नाही. संध्याकाळी जा, आणि नावे लिहून झाली की तोच कागद घेऊन माझ्याकडे ये.

तुझा,
काका