मुख्य दार आणि देवघर यांसाठी सागाऐवजी फणसाचे लाकूड चालेल का?

गावच्या घराचे मुख्य दार आणि देवघर फणसाचे केले तर ते किती वर्षे टिकेल आणि सागाच्या तुलनेत किती पैसे वाचतील, असे आपण विचारले आहे. टिकण्याविषयी मी लिहितो, कारण याच प्रश्नावरून आमच्या घरात २०२० पासून धुसफूस चालू आहे. पैशांचे मात्र मला विचारू नका. माझे लाकूड घरच्या झाडाचे होते.

त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या परसातला, आजोबांच्या वेळचा बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस मुळासकट आडवा झाला. त्याचा बुंधा दोघांच्या कवेत मावत नसे. ठाण्याला राहणाऱ्या माझ्या चुलत दादाने फोनवरच निकाल दिला की फणस म्हणजे जळण, तो लाकूडवाल्याला देऊन टाक आणि दार करायचे तर सागाचेच कर. ज्या घरात बसून तो लहानपणी गरे खात असे, त्या घराच्या माळ्याच्या फळ्या फणसाच्याच आहेत, हे त्याच्या गावीही नव्हते. मी हट्टाला पेटलो, ओंडके गिरणीवर नेऊन फळ्या पाडून घेतल्या आणि दिवाळीला नवे दार उभे करायचेच, असे ठरवून बसलो.

तिथेच चुकलो. आमच्या सुतारकाकांनी बजावले होते की लाकूड अजून ओले आहे, दोन पावसाळे थांबा. पण मला दादाला दार दाखवायचे होते. होळीपर्यंत फळ्या इतक्या आवळल्या की बंद दाराच्या सांध्यांतून ओटीवरचा उजेड आत येऊ लागला. त्याहून मोठी चूक म्हणजे रुंदी भरावी म्हणून एका फळीला सालीलगतची पांढरट पट्टी तशीच राहू दिली होती. पुढच्या गणपतीत त्या पट्टीला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडली आणि रोज सकाळी उंबरठ्यावर मैद्यासारखे पीठ दिसू लागले. दादाने ते बोटावर घेऊन आरतीला जमलेल्या सगळ्यांना दाखवले.

त्या पिठाचा दोष फणसाचा नव्हता. झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात पिष्ट असते आणि भुंग्याची अळी त्यावरच जगते. आतल्या पिवळ्या गाभ्याला ती सहसा शिवत नाही आणि वाळवीही त्याच्यापासून दूरच राहते. पांढरा भाग निर्दयपणे तासून टाकणे, हाच फणसाच्या टिकाऊपणाचा निम्मा हिशेब आहे. आमच्याकडे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत होती, तिलाही अर्थ आहे, कारण पाण्यात अळीचा तो खाऊ बराचसा कमी होतो. अंधाऱ्या पक्षात झाड तोडले की भुंगा लागत नाही, असे सांगणारेही भेटतील. वादळाने तिथी पाहिली नव्हती, तरी गाभ्याच्या फळ्या आजही स्वच्छ आहेत. काप्याचे, म्हणजे कडक गऱ्यांच्या फणसाचे लाकूड बरक्याहून सरस असते हेही मी ऐकत आलो आहे, पण रंध्याखाली मला कधी फरक जाणवला नाही.

उरलेल्या फळ्या मी पडवीत, मधे पट्ट्या घालून आणि दोन्ही तोंडांना जुना ऑइलपेंट फासून, दोन वर्षांहून अधिक काळ रचून ठेवल्या आणि मगच देवघर केले. चिरलेला गाभा हळदीसारखा पिवळा असतो. सुतारकाकांचे हात आणि बनियन आठवडाभर पिवळे होते, आणि ते साहजिकच आहे, कारण म्यानमारमध्ये भिक्षूंची वस्त्रे याच लाकडाच्या भुश्याने रंगवत आले आहेत. फणसाचे रेषे आलटून पालटून उलट दिशांना वळलेले असतात, त्यामुळे रंधा चार बोटे सुरेख चालतो आणि पाचव्या बोटाला खपली उचकटतो. पाते वरचेवर पाजळून अगदी पातळ काप घ्यावा लागतो आणि शेवटचा हात काचेच्या तुकड्याने खरवडून फिरवावा लागतो. पण एवढे केल्यावर जी झळाळी येते ती सागाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उजेडाने रंग गडद होत होत तपकिरी होतो. देवघराच्या पाठफळीवरची दत्ताची तसबीर परवा काढली, तेव्हा तिच्यामागे पहिल्या दिवसाच्या पिवळ्या रंगाचा चौकोन तसाच होता.

वजनाने वाळलेला फणस घनमीटरला सुमारे ६०० किलो, म्हणजे सागाच्या आसपास किंवा किंचित हलका भरतो. तंजावरची वीणा आणि मृदंगाचे खोड फणसाचे करतात. ज्याला दादा जळण म्हणतो, त्यातून दक्षिणेतले अर्धे संगीत वाजते.

आणि सागाची कथा ऐका. दादाने त्याच सुमारास ठाण्याच्या घराला पाहिजे तेवढे पैसे मोजून सागाची चौकट बसवली. मागच्या मे महिन्यात मी गेलो, तेव्हा बिजागरीच्या बाजूला दोन बोटे रुंद पांढरी पट्टी होती आणि खाली तेच पीठ होते. कोवळ्या झाडाचा साग पांढऱ्यासकट घेतला तर तोही भुंग्याचेच जेवण होतो. मी पीठ बोटावर घेतले नाही, फक्त वहिनींकडे केरसुणी मागितली.

न्यायाने सांगायचे तर उन्हापावसात ताठ राहण्यात साग फणसाला ऐकत नाही. आपल्या दारावर पावसाची झड थेट येत असेल आणि वर पडवी नसेल, तर चौकट जुन्या सागाची घ्या, पाडलेल्या वाड्याचा मिळाला तर उत्तमच, आणि देवघर बिनधास्त फणसाचे करा. जमिनीत गाडायच्या खांबाला फणस वापरू नका, त्याला ऐन किंवा खैर पाहा. दोन वर्षे थांबायची तयारी नसेल तर फणसाच्या वाटेला जाऊ नका. शिवाय उभे झाड तोडणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी काढा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत फणस आहे, झाड आपल्या परसातले असले तरीही. आणि ते अजून फळत असेल तर दार दुसऱ्या कशाचेही करा.

ते पहिले दार मी बदललेले नाही. पांढरी पट्टी काढून तिथे गाभ्याची फळी बसवली आणि फटींत पातळ पट्ट्या मारल्या, त्यानंतर त्याने कुरकुर केलेली नाही. दादा अजूनही त्याला ठिगळाचे दार म्हणतो.